बिनआडनावाची

"घरातल्या घरात यंत्रांना 'डॉट कॉम'सारखं आडनाव कशाला हवं?" स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप तिच्यापुढे सरकवत नवरा म्हणाला. "ब्राउझरमध्ये नुसतं 'टीव्ही' टाईप कर, टीव्ही ओ देतो. 'प्रिंटर' टाक, प्रिंटर. सगळ्यांची बारशी मीच केलीत."

तो अंघोळीला गेला. तिच्या डोक्यात मात्र कालचा फोन घोळत होता. दबक्या आवाजात तो सासूबाईंना सांगत होता, "आई, छबीचं जमलं एकदाचं. हिला पत्ताही नाही."

आता ही सटवी कोण? दातओठ खात तिने टाईप केलं: छबी.

छबीने लगेच ओ दिली. पडद्यावर तिचंच स्वयंपाकघर उघडलं आणि लॅपटॉपवर वाकलेली तिचीच पाठ. खाली बारीक अक्षरं होती: 'आई पाहत आहे.'