ड्रायव्हरची पेटी

इंजिनापुढे उभं राहून लक्ष्मीकांत भारंबे हसले आणि त्यांच्या मुलाला, सुजयला, हायसं वाटलं. म्हातारा खूश आहे, आता सांगून टाकावं. पण बायकोने, ऋताने, डोळ्यांनीच दटावलं. आधी जेवण होऊ दे.

लखनौच्या चारबाग स्टेशनजवळच्या त्या जुन्या शेडमध्ये वाफेची इंजिनं रंगवून लोकांना बघायला ठेवली होती. चालत्या इंजिनाला कधीच नसतो इतका चकचकीत काळा रंग. भारंबेंनी भुसावळला जन्मभर हीच इंजिनं चालवली. मुलाने आपल्यासाठी सुट्टी काढावी, सुनेने पुरी-भाजी करून घ्यावी, याचंच त्यांना सकाळपासून कोण अप्रूप. "सुजय, तुझी आई हवी होती रे आज," असं दोनदा म्हणून झालं होतं. भोळा माणूस, दुसरं काय.

नात उत्कर्षा पुढे पळाली होती. कोपऱ्यातल्या लाकडी घडवंचीवर एक लोखंडी पेटी मांडलेली होती, तिच्यापाशी ती थबकली.

"आजोबा, ये क्या है?" तिला मराठी समजायचं सगळं, बोलायची मात्र हिंदीच.

"ही ड्रायव्हरची पेटी. हिच्यात झेंडे, कंदील, हत्यारं, जेवणाचा डबा. ड्युटीच्या आधी पेटीवाला घरी यायचा न्यायला. तुझ्या बाबाच्या बारशालाही आला होता मेला. पेटी एकदा इंजिनावर चढली की ड्रायव्हरला चढावंच लागतं. जायचंय का, असं कोणी विचारत नाही."

"आपकी पेटी भी तो आज चढ़ गई," उत्कर्षा म्हणाली. "डिक्की में है. आप नहा रहे थे ना, तब पापा ने रखी."

"उत्कर्षा, इकडे ये," ऋता म्हणाली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

भारंबे मुलाकडे बघत राहिले. सुजयने घसा साफ केला. "बाबा, सांगणारच होतो मी. संध्याकाळच्या गाडीचं रिझर्वेशन मिळालं. म्हटलं, जबलपूरला दादाकडे थोडे दिवस... हिच्या अभ्यासाला खोली लागते ना आता."

तिसरीतल्या पोरीच्या अभ्यासाला अख्खी खोली लागते, ही नवीनच माहिती होती. गेल्या दिवाळीत थोरल्याने, विनयने, त्यांना असंच जबलपूरहून लखनौच्या गाडीत बसवलं होतं. तेव्हा कारण वेगळं होतं. थोडे दिवस मात्र तेच होते.

"विनयला माहीत आहे?"

"तुम्ही पोचेपर्यंत करतो ना फोन."

भारंबे बाहेर गाडीपाशी गेले. डिक्की उघडायला लावली. त्यांची पेटीही तशीच होती, लोखंडी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव. त्यांनी आतले सदरे, पायजमे, औषधं, बायकोचा फोटो, सगळं काढून डिक्कीत ठेवलं आणि रिकामी पेटी उचलली. सुजय हात लावायला पुढे झाला.

"राहू दे. सकाळी उचललीस ना, दमला असशील."

मधे एकदा टेकवून त्यांनी ती पेटी शेडमध्ये आणली आणि घडवंचीवरच्या पेटीशेजारी ठेवली. पहारेकरी स्टुलावरून उठला. "बाबूजी, ये यहाँ नहीं रख सकते."

"रख लीजिए भैया. असली है."

मग ते सुजयकडे वळले. दम लागला होता, पण आवाज ड्युटीवरचा होता. "पेटी नसेल तर ड्रायव्हर गाडी नेत नाही. त्याला घरी परत पाठवतात. नियमच आहे तसा." जन्मभरात हा नियम मोडलेला त्यांनी पाहिला नव्हता. घरीही तो चालेल, असं त्यांना खरंच वाटलं. "चल, घरी जाऊ," ते म्हणाले.

सुजयने मान खाली घातली. मग हळूच घड्याळ पाहिलं.

ऋता मात्र गाडीकडे गेली. आली ती अमीनाबादच्या साडीच्या दुकानाची मोठी पिशवी घेऊन. सदरे, पायजमे घडी करून तळाशी, औषधं एका कडेला, काच फुटू नये म्हणून सासूबाईंचा फोटो मधोमध पंच्यात गुंडाळलेला. कामाला मोठी नीटस बाई. पिशवीचे बंद तिने सासऱ्यांच्या हातात दिले.

"बघा बाबा, मावलं सगळं," ती म्हणाली. "पेटी लागतच नव्हती."