फ्रान्सचे पराक्रम

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या पोर्ट्समथमध्ये भरदुपारी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. विनी चहाची किटली घेऊन आणि छोटी मॅव्हिस बाहुली घेऊन बॉम्बपासून बचावासाठी परसात अर्धवट पुरलेल्या पत्र्याच्या खोपटात शिरल्या. रजेवर आलेला विनीचा नवरा सिड गणवेशातच त्यांच्यामागे धावला. कालच त्यानं लेकीला फ्रान्सच्या लढाईतले आपले पराक्रम रंगवून सांगितले होते. प्रत्यक्षात लष्करानं त्याला स्कॉटलंडच्या कोठारात बूट वाटायला बसवलं होतं.

जवळच बॉम्ब फुटला. सिडनं डोकं गुडघ्यांत खुपसलं.

"बाबा, तुम्ही घाबरलात?" मॅव्हिसनं विचारलं.

सिडला तोंड वर करवेना.

"घाबरतायत कसले! लढाईत असंच बसतात. तूही बस बघू तशी," विनी म्हणाली.

पोरीनं डोकं खाली घातल्यावर ती सिडच्या कानाशी वाकली. "पहिल्या वेळी आम्ही दोघी याहून जास्त घाबरलो होतो."