पनवतीचा मोसम

मोसमाच्या सुरुवातीलाच सांतो दोमिंगोचा ‘शार्क’ संघ सपाटून हरायला लागला आणि रामिरोने त्याचं खापर आईच्या डोक्यावर फोडलं.

"आई, तू टीव्हीसमोर बसलीस की आपला फलंदाज बाद! पनवती आहेस नुसती."

"मग मी बेसबॉल बघूच नको की काय?"

"बघ ना! पण समोरच्या फेर्मीनकाकांकडे बसून बघ. त्यांच्या ‘पेलिकन’ संघाची वाट लागू दे."

बाबा गेल्यापासून आई कुणाकडे फारशी जात नसे. तरी बिचारी तळलेल्या केळ्यांची ताटली घेऊन गेली. आणि काय आश्चर्य, शार्क जिंकू लागले! मध्येच पुन्हा गडगडले, तेव्हा तर रामिरोने तिला सामन्याच्या कितीतरी आधीच तिकडे पिटाळलं.

अंतिम सामना नेमका शार्क आणि पेलिकन यांच्यातच रंगला. शेवटच्या डावात होमरन बसला आणि शार्क विजेते ठरले. गल्लीत लोक पातेली बडवत नाचू लागले. रामिरो मात्र तडक काकांना चिडवायला धावला.

"काय काका, कसा गेला मोसम?"

काका तोंड पाडून बसले असतील, असं त्याला वाटलं होतं. ते आईच्या शेजारी कॉफी पीत बसले होते, चांगले खुशीत.

"खरं सांगू? बायको गेल्यापासून इतका छान मोसम आलाच नव्हता रे."

रामिरोने आईकडे पाहिलं. ती चक्क लाजली होती.