रविवारची पट्टी

इंजिन बंद झालं. उघड्या बॉनेटच्या एका बाजूला पांडुरंगराव काठीवर दोन्ही हात टेकून उभे होते. दुसऱ्या बाजूला त्यांचा मुलगा, अनिमेष. मधे तापलेलं लोखंड. सव्वा महिन्यानंतर बापलेक समोरासमोर आले होते, आणि सदर बाजारातल्या आपल्या गॅरेजात राकेश मिस्त्री चिंधीने बोटं पुसत दोघांकडे आळीपाळीने पाहत होता.

"काय केलं तू गाडीले?" अखेर पांडुरंगरावांनी विचारलं.

"मैंने कुछ नहीं किया, बाबा."

मराठीतल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर. हिंदी मुलखातल्या त्यांच्या घरात ते नेहमीचंच होतं.

"मग हे टिकटिक आली कुठून? सत्तावीस वर्षं नाही आली. तू घर सोडलं आन् महिनाभरात आली. मिस्त्रीच्या समोर कबूल कर, याच्यासाठीच बोलावलं तुले."

गाडी निळी होती आणि अनिमेषच्याच वयाची होती. रेल्वेत गार्ड असताना पांडुरंगरावांनी ती हौसेने घेतली होती. तेलीबांध्याच्या तळ्याकाठी बसणाऱ्या मित्रांना ते छाती पुढे काढून सांगत, "आमची गाडी थेंबभर तेल पीत नाही." दर रविवारी त्याचा पुरावा मिळे. गुडघे गेले आणि वाकणं संपलं, तेव्हापासून बॉनेट अनिमेष उघडत असे. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून पुसायची, पुन्हा बुडवायची, उंच धरायची. "पूरा है, बाबा." मग पांडुरंगराव, जणू हातात अजून हिरवी झेंडी आहे अशा थाटात, हात हलवीत. त्यानंतरच गाडी निघे.

भांडणही त्यावरूनच झालं होतं. नोकरी सुटून घरी बसलेल्या मुलाला ते म्हणाले होते, "तू या घरासाठी केलं काय? दर रविवारी एक पट्टी पुसली! आन् शनिवारी किल्ली घेऊन खाली जाते. अर्धा घंटा. गाडी तर जागची हलत नाही. आत बसून काय फुकून राहिला?" अनिमेषने खाली पाहिलं होतं. दुसऱ्या सकाळी त्याची बॅग जागेवर नव्हती.

पुढचे रविवार पट्टीविनाच गेले. जी गाडी तेल पीतच नाही, तिचं तेल मोजायचं कशाला? पांडुरंगराव हट्टाने स्वतः चालवू लागले, आणि एका सकाळी तो आवाज आला. ताटाच्या कडेवर कोणी नखाने वाजवीत राहावं तसा.

"फिर से स्टार्ट करो," राकेश म्हणाला.

अनिमेषने किल्ली फिरवली. टिक्, टिक्, टिक्. राकेशने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या तळाशी टेकवलं आणि मूठ कानाला लावली. "नीचे से आ रही होगी तो समझो इंजन गया, अंकल."

स्क्रूड्रायव्हर तसूतसूने वर सरकत गेला.

"ऊपर है. बच गया." त्याने इंजिन बंद करायची खूण केली आणि पट्टी ओढली. ती कोरडी होती. टोकाला तेवढा काळा डाग. "इसमें तो तेल ही नहीं है!"

काठी फरशीवर आपटली. "काढून टाकलं! पाहा मिस्त्री, जाता जाता तेल काढून टाकलं यानं! शनिवारी किल्ली काहून मागे, आता समजलं मले."

राकेश टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला. बराच वेळ त्याचे पायच दिसत राहिले. बाहेर येऊन त्याने मान हलवली. "नीचे के बोल्ट पर सालों की मिट्टी जमी है, अंकल. किसी ने हाथ नहीं लगाया. लीक भी नहीं है."

त्याने तेल ओतलं आणि स्वतःच किल्ली फिरवली. टिकटिक मंदावली, अडखळली, विरून गेली. मग मागच्या नळीतून निळसर धूर निघाला आणि सदर बाजारच्या उन्हात तरंगत राहिला.

"देखो, जला रहा है. तीन-चार साल से पी रहा होगा."

"शक्यच नाही. दर रविवारी पट्टी पूर्ण भरलेली राहे. मी पाहिली आहे."

"हव, रहती होगी." राकेशने इंजिन बंद केलं. "हर हफ्ते कोई डालता होगा, तभी तो. कौन डालता था?"

तीन-चार वर्षं. डॉक्टरांनी गुडघ्यांवरून हात फिरवून 'आता वाकायचं नाही' म्हटलं, तोच तो हिवाळा. त्याच हिवाळ्यात गाडीही थकली होती. ते त्यांना कोणी कळू दिलं नव्हतं.

"शनिवारी?" पांडुरंगरावांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "काहून नाही सांगितलं, बेटा?"

अनिमेषने पट्टी ओढली. पुसली, पुन्हा बुडवली, उंच धरली. वरच्या खुणेपर्यंत मधाच्या रंगाचं तेल चमकत होतं. त्याचे ओठ सवयीने हलले, पण शब्द आले नाहीत. पांडुरंगरावांचा हातही सवयीने अर्धा वर गेला होता.

"घरी येतो ना?"

त्या अर्ध्या उचललेल्या हातात अनिमेषने पट्टी ठेवली, आणि तो रस्त्यावरच्या गर्दीत चालत गेला. तेल पांडुरंगरावांच्या मनगटावरून ओघळत राहिलं. पट्टी जागेवर बसवायची, तर वाकावं लागणार होतं.