लेखनिकाला विषय येता कामा नये

“अंध उमेदवाराच्या लेखनिकाला विषय येता कामा नये,” परीक्षा केंद्रावरच्या बाई ओवीच्या डोक्याला यंत्राचा पट्टा बांधत शलाकाला म्हणाल्या. “हिला तर तुझ्याहून जास्त भौतिकशास्त्र येतंय. पुसावं लागेल.”

येणारच की! ओवी बारावीत होती खरी, पण शलाकाची बीएस्सीची सगळी पुस्तकं तीन वर्षं तिनेच मोठ्याने वाचून दाखवली होती. अडलं तिथे आधी स्वतः डोकेफोड करायची, मग ताईला समजवायची. त्या नादात तिलाही याच विषयाचं वेड लागलं होतं. पुसलेलं परत येत नाही, हे दोघींना माहीत होतं. पण दुसरं कुणी लेखनिक व्हायला तयारच नव्हतं.

“ताई, रडू नकोस. तू पास हो, मग मला शिकव,” ओवी म्हणाली. शलाकाला बटणाचा आवाज ऐकू आला.

पेपर सुरू झाला. तिसरा प्रश्न ओवीने अडखळत वाचला. काही क्रिया उलट का फिरत नाहीत, हे उदाहरणासह स्पष्ट करायचं होतं.

शलाका सांगू लागली, “फोडणीचा वास एकदा घरभर पसरला, की तो परत कढईत शिरत नाही...”

ओवीचं पेन थांबलं. ती खुदकन हसली.

“किती सोप्पं आहे गं! कोणी शिकवलं तुला हे?”

“लेखनिकाने बोलायचं नाही!” बाई कडाडल्या.



“लिही,” शलाका म्हणाली, “परत कढईत शिरत नाही.”