सतरावा प्रकार

“जुनी,” प्रशांतने लिहून टाकले. भेगेकडे त्याने अजून पाहिलेही नव्हते. फाइल मात्र अत्यंत बारकाईने पाहिली होती.

आंबिवलीच्या गंगुबाईंच्या ओट्यावर बारा विमा सर्वेक्षक परीक्षा देत होते. भूकंपाने घराचे झालेले नुकसान कसे ओळखावे, हे त्यांना आठवडाभर वागळे इस्टेटमधल्या थंडगार कचेरीत शिकवले गेले होते. कंपनीच्या पुस्तिकेत भेगांचे सतरा प्रकार होते. त्यांतले सोळा जुन्या भेगांचे, म्हणजे दावा नामंजूर करण्याचे. सतरावा भूकंपाचा, त्याला अर्धे पान पुरले होते.

परीक्षेचे घरही विचारपूर्वक निवडलेले होते. गंगुबाईंचा दावा वर्षभरापूर्वीच निकालात निघाला होता. ‘भेग जुनी. दावा नामंजूर.’ खाली प्रशिक्षक हरिहर सरांची सही होती, आणि तेच समोर खुर्चीत बसून उत्तरे तपासणार होते.

“सर, हा अहवाल नुसता परीक्षेपुरता ना?” दर्शनाने विचारले.

“सही खरी, तर अहवालही खरा. बंद फाइल त्यावर पुन्हा उघडता येते. अट एवढीच की सही दुसऱ्याची हवी आणि मत त्याचे स्वतःचे.” हरिहर सर कोरडेपणाने म्हणाले, “सुदैवाने कंपनीत अजून कोणाला स्वतःचे मत झालेले नाही.”

सगळे हसले. गंगुबाई चहा घेऊन आल्या. ताटात बरोब्बर तेरा कप होते. माणसे त्यांनी मोजलीही नव्हती.

“च्या घ्या रं आधी. भिंत काय पलून जात नाय.”

दर्शना भिंतीसमोरून हलेना. पास झाली तर नोकरी कायम होणार होती, नापास झाली तर संपणार होती. दाराशेजारी गंगुबाईंच्या मुलाच्या लग्नात लाल अक्षरांत ‘जगन व कृतिका, शुभविवाह’ असे रंगवले होते. वर गणपती, खाली तारीख. भूकंप झाला तो त्यानंतर अकराव्या दिवशी. भेग नेमकी कृतिकाच्या नावातून खाली उतरली होती.

दर्शनाचे वडील डोंबिवलीत रंगारी होते. ओला रंग फटीत शिरल्याशिवाय राहत नाही, हे तिला पुस्तिकेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. तिने वाकून पाहिले. अक्षरांच्या कडा स्वच्छ तुटल्या होत्या. भेगेच्या आत लाल रंगाचा ठिपकाही नव्हता.

“अगं, वेडी झालीस का?” प्रशांत कुजबुजला. “खुद्द सरांची सही आहे! जुनी लिही आणि चल. टेंभी नाक्याला मिसळ मी खिलवतो.”

“मिसळ तू खा रे,” दर्शना म्हणाली. तिने लिहिले : ‘भेग लग्नानंतरची. कारण भूकंप.’ खाली सही केली.

हरिहर सरांनी अकरा कागद बाजूला ठेवले आणि बारावा दोनदा वाचला.

“म्हणजे माझी सही चुकीची?”

“हो, सर. तुम्ही कचेरीत बसून फोटो पाहिला असणार. फोटोत भेग आली, नाव आलं नाही.”

प्रशांतने डोळे मिटून घेतले. हरिहर सर उठले. तो कागद त्यांनी घडी न घालता, जपून, बंद फाइलच्या सगळ्यांत वर लावला.

रिकामे कप उचलायला आलेल्या गंगुबाई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून जागच्या जागी थबकल्या, मग तोंडभर हसल्या.

“गावली का सायेब, दुसरी सही? बरा झाला बाय! नायतर ह्यो सायेब अजून किती परीक्षा माझ्याच ओट्यावर घेनार होता, देवाला ठाव. तिसरी तुकडी ही!”