जांभळी शाल

दयानंदने शाल म्हाताऱ्याच्या खांद्यांवर घातली, हातात नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. वर बघतो तर रंगाच्या थराखालीही म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक.

"काढ," म्हातारा एत्तोरे म्हणाला. "आधी ती काढ."

दयानंदने झटकन शाल ओढून घेतली. काय चुकलं ते त्याला कळेना. रुवीच्या बाजारातलं अख्खं दुकान पालथं घालून त्याने ती निवडली होती, गडद जांभळी, सोनेरी काठांची. एवढा मोठा इटालियन नट, लहानपणी बापाच्या नाटक मंडळीत उभा राहिलेला, पुढे सिनेमात दरोडेखोर झालेला, न्यायाधीश झालेला, टीव्हीवर तर पोपसुद्धा. मस्कतच्या ह्या ऑपेरात बाकी सगळे गायचे, म्हातारा राजा तेवढा नुसता बोलायचा, आणि तो राजा करून एत्तोरे आज कायमचा घरी बसणार होता. कंपनीत हे सगळ्यांना माहीत होतं. पण जो तो आपला गळा सांभाळण्यात गुंग, दोन शब्द बोलायला कुणाला सवड नाही. अहो, आपल्याकडे शाळेतला शिपाई रिटायर झाला तरी त्याला शाल-श्रीफळ देतात! शेवटी रोज त्याच्या अंगावर राजाचे कपडे चढवणारा ड्रेसर, दयानंद, स्वतःच पुढे झाला. आणि हे असं होऊन बसलं.

एत्तोरेने नारळ टेबलावर ठेवला, डोक्यावरचा मुकुट काढून शेजारी ठेवला आणि खुर्चीत बसला.

"मी आज स्टेजवर जात नाही. कोरसमधल्या कुणालाही उभा करा."

"पण सर, झालं काय?"

दोघांचंही इंग्रजी मोडकंच, पण आठवडाभर त्यावर भागत आलं होतं.

"जांभळा," म्हातारा म्हणाला. "आमच्यात नटाला जांभळा दाखवत नाहीत. पूर्वी ईस्टरच्या आधी उपासाचे चाळीस दिवस पाद्री जांभळे झगे घालायचे, आणि तेवढे दिवस नाटकं बंद. नाटक बंद म्हणजे नटाची चूल बंद. पहिल्या रांगेत जांभळ्या टोपीची बाई दिसली, तर माझा बाप पडदा उघडू द्यायचा नाही."

"माका म्हायत नाय होतां," दयानंद मालवणीतच बोलून गेला. शाल त्याने कपाटात खाली, बुटांच्या मागे कोंबली. मग तिथेच उकिडवा बसून म्हणाला, "आमचा पावसाळा तसाच, सर. पाऊस आला की नाटकाचा पेटारा बंद. मग लोकांच्या शेतात लावणीला जायचं. अशाच एका पावसाळ्यात मी इकडे आलो, तो परत उभा राहिलोच नाही."

एत्तोरेने आज पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू नट?"

"दशावतारात. देवळासमोर मांडव घालून करतात."

"काय करायचास?"

"राणी," दयानंद जरा लाजून म्हणाला. "आमच्यात बायकाही पुरुषच करतात."

दारावर टकटक झाली. बाहेरून नूरुद्दीनचा, स्टेज मॅनेजरचा आवाज आला, "सिन्योर, पाच मिनिटं. यल्ला!"

एत्तोरे हलला नाही. आता नूरुद्दीन आत येणार, बोडक्या डोक्याचा राजा बघणार आणि दुसऱ्याला उभा करणार. एवढ्या वर्षांचं नाटक ह्या खुर्चीत संपायचं, आणि तेही आपल्या हातून. दयानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अपशकुन झाला तर तुमच्यात काय करतात?" म्हाताऱ्याने विचारलं.

"थोरल्या नटाच्या पाया पडतात. मग काही बाधत नाही."

म्हातारा कसनुसं हसला. "माझ्याहून थोरला आता कुणी उरला नाही, दया. सगळे गेले."

दयानंदने बुटांमागची शाल आणखी आत ढकलली.

खुर्ची करकरली. एत्तोरे उठून त्याच्यासमोर ताठ उभा राहिला आणि खोलीत मावणार नाही अशा आवाजात म्हणाला, "राणी, मी लढाईला निघालो. निरोप दे."

हे काही त्याच्या नाटकात नव्हतं. पण दशावतारात संवाद लिहिलेले कुठे असतात? समोरच्याने वाक्य टाकलं की आपण उचलायचं, एवढंच. गळ्यात टेप आणि खिशात सेफ्टीपिना घेऊन ढेरपोट्या दयानंद उठला. इतक्या वर्षांत न लागलेला बारीक, गोड आवाज लागला, आणि तोही मराठीत.

"जावं महाराज. मागची काळजी करू नये. आणि हरून आलात, तरी ह्याच दारातून यावं."

त्याने मुकुट उचलून महाराजांच्या डोक्यावर ठेवला, रिकाम्या हातांनी ओवाळलं आणि दृष्ट काढून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. एत्तोरेला त्यातला एक शब्द कळला नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

"रडायचं नाही हं, सर, रंग उतरेल," दयानंद इंग्रजीत दरडावून म्हणाला.

पुढचा थोडा वेळ सगळी धावपळ झाली. मग रंगमंचावर उजेड पडला, आणि म्हातारा बोलू लागला तसा वाद्यमेळ गप्प झाला. विंगेत उभा राहून दयानंद श्वास रोखून ऐकत होता. वाक्य अडखळलं नाही, आवाज हलला नाही.

"दयाभाई," शेजारी येऊन नूरुद्दीन कुजबुजला, "हाथ को क्या हुआ?"

दयानंदने खाली पाहिलं. त्याची डावी मूठ छातीशी घट्ट मिटलेली होती, डोक्यावरून घेतलेल्या पदराचं टोक धरावं तशी.

"कुछ नहीं," तो म्हणाला. पण मूठ त्याने सोडली नाही.